फाइलीतले तत्त्वज्ञान आणि तासातले

शिक्षक भरतीची मुलाखत असो, डी.एल.एड.ची प्रात्यक्षिकाची फाइल असो, नाहीतर शिक्षकदिनाच्या तोंडावर जिल्हा परिषदेत दाखल होणारा आदर्श शिक्षक पुरस्काराचा प्रस्ताव असो, एक प्रश्न या ना त्या रूपात येतोच : शिक्षणाबद्दल तुमचा दृष्टिकोन काय? उत्तरही ठरलेले असते. अध्यापन विद्यार्थीकेंद्रित असावे, आनंददायी असावे, कृतियुक्त असावे, मुलाचा सर्वांगीण विकास व्हावा. पाथर्डीच्या गुरुजींच्या प्रस्तावातले हे पान काढून अकोले तालुक्यातल्या बाईंच्या प्रस्तावाला जोडले, तरी निवड समितीतल्या कोणाच्या ध्यानात यायचे नाही.

या वाक्यांत चूक काहीच नाही, आणि नेमकी तीच त्यांची अडचण आहे. शिक्षण कंटाळवाणे असावे असे म्हणणारा माणूस शोधून सापडणार नाही. ज्या विधानाला कोणी नाही म्हणू शकत नाही, त्यावरून सोमवारच्या पहिल्या तासाला काय करायचे हे ठरत नाही. एखाद्या शिक्षकाचा स्वतःचा असा विचार आहे का, हे जोखायचे तर त्याने काय सोडून दिले, कशाला नकार दिला, कोणत्या मुलासाठी वेळापत्रक मोडले, हे पाहावे लागते. असा विचार उतरवून घेता येत नाही. दुसऱ्याचा वर्ग बारकाईने पाहायचा, त्यातले आपल्या मुलांना लागू पडेल ते घ्यायचे, बाकीचे बेलाशक टाकून द्यायचे, आणि हे वर्षानुवर्षे करत राहायचे, अशी ती कमाई असते. नगर जिल्ह्याला, म्हणजे २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगरला, याचा दाखला शोधायला गावाबाहेर जावे लागत नाही.

सिंथिया फरार या अमेरिकन मराठी मिशनच्या शिक्षिका १८२७ च्या अखेरीस मुंबईत उतरल्या. १८३९ पासून त्या नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवू लागल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. त्यांच्या शाळा पाहायला १८४८ साली पुण्याहून २१ वर्षांचा एक तरुण आपले मित्र सदाशिवराव गोवंडे यांच्याबरोबर आला. तो तरुण म्हणजे जोतीराव फुले. त्याच वर्षी पुण्यात भिडेवाड्यातली मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे प्रशिक्षण नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंकडे घेतले, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासातली ही बहुधा सर्वांत फलदायी शाळाभेट असावी. तिचा ना फोटो, ना अहवाल.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. फरारबाईंची शाळा मिशनची होती, तिच्यामागचा हेतू धर्मप्रसाराचा होता. फुल्यांनी तो उचलला नाही. मुलींना शाळेत बसवता येते, त्या शिकतात, आणि गावातच हे रोज घडू शकते, एवढे त्यांनी नगरहून नेले. पुढे शाळा कोणासाठी आणि कशासाठी, याची उत्तरे त्यांनी स्वतः काढली. ती उत्तरे किती वेगळी होती हे १८५५ साली दिसले. फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मांग समाजातली विद्यार्थिनी, आणि मांग-महारांच्या दुःखावर तिने लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ने छापला. तेच ‘ज्ञानोदय’, जे मिशनने १८४२ मध्ये नगरला सुरू केले होते. शाळेत शिकलेली मुलगी धर्मालाच प्रश्न विचारते, आणि तिचे गुरू तिला गप्प बसवत नाहीत. फुले दांपत्याचे शिक्षणविषयक तत्त्वज्ञान काय होते, हे सांगायला त्या निबंधापेक्षा वेगळे प्रमाणपत्र नको.

ते लेखी स्वरूपात यायला मात्र १८८२ साल उजाडले. हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात फुल्यांनी खेड्यातल्या प्राथमिक शिक्षकाचे जे वर्णन केले, ते आजही कोणत्याही प्रस्तावापेक्षा टोकदार आहे. शिक्षक प्रशिक्षित हवा, शक्यतो शेतकरी-कष्टकरी वर्गातून आलेला हवा, मुलांच्या घरच्यांत मिसळणारा हवा, आणि वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला त्याला लाज वाटता कामा नये. अभ्यासक्रमात मोडी आणि बालबोध लेखन-वाचन, हिशेब, आरोग्य, शेतीची तोंडओळख. आणि शेतीच्या धड्यासाठी शाळेजवळ लहानसे नमुना शेत. १८४८ ते १८८२ : ३४ वर्षे शाळा काढून, चालवून, लोकांचा राग झेलून झाल्यावर लिहिलेला हा मजकूर आहे. त्यातल्या प्रत्येक ओळीशी कोणीतरी भांडू शकत होते, आणि भांडलेही.

नमुना शेताचे पुढे काय झाले? आज पोषण आहाराच्या निमित्ताने जिल्हा परिषदेच्या शाळाशाळांत परसबाग आहे. मेथी, पालक, शेवगा, कुठे ठिबकही. परसबागांच्या स्पर्धा होतात, भाजी खिचडीत पडते, हे चांगलेच. पण तिथल्या वाफ्याची लांबी-रुंदी मोजून चौथीचे क्षेत्रफळ शिकवले जाते का? अकोले तालुक्यात आवणीच्या दिवसांत घरी राबणारे मूल शाळेत आल्यावर बियाण्याबद्दल त्याला कोणी काही विचारते का? त्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. देशी वाणांचे बियाणे त्यांनी घरात राखले आणि २०२० साली पद्मश्रीसाठी त्यांचे नाव जाहीर झाले. त्यांच्या सत्काराला शाळांनी मुले नेली. त्यांचे ज्ञान परिसर अभ्यासाच्या तासाला किती शाळांनी नेले, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

दुसरा दाखला कोसबाडचा. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून माँटेसरी पद्धतीत मुरलेल्या होत्या. १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. माँटेसरीचे साहित्य महागडे, आणि गावातली गरिबांची मुले बालवाडीत यायलाच तयार नाहीत. पुस्तकी निष्ठा असती तर मुले अनियमित आहेत, पालक उदासीन आहेत, असा शेरा मारून प्रकरण मिटले असते. या दोघींनी बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. शिंपले, बिया, खडे हेच साहित्य झाले. पुढे कोसबाडला वारली मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत असे दिसले, तेव्हा शाळा कुरणात भरली. ‘कुरणशाळा’ हे नाव मग पडले; आधी गुरांमागची मुले दिसली होती. माँटेसरीबाईंचा विचार त्यांनी टाकला नाही. मुलाने हाताने करत, स्वतःच्या गतीने शिकावे हा गाभा ठेवला आणि बाकीचे सगळे बदलले. मुले येत नाहीत या एका अडचणीतून त्यांचे तत्त्वज्ञान घडत गेले.

आता अलीकडचे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादावर आधारलेले काम उभे केले. पहिली-दुसरीची मुले जमिनीवर बसून, वस्तू हाताळत, एकमेकांना विचारत शिकतात, हे पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या लागल्या. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि या पाहुण्यांची संख्या आणखी वाढली. नगर जिल्हाही मागे नव्हता. दिवाळीपर्यंत गावोगावच्या शाळांतल्या फरश्या रंगल्या. शंभरपर्यंतच्या अंकांचे तक्ते, मुळाक्षरांची चक्रे, सापशिडी. ऑइलपेंटचा वास जायच्या आत ‘आमची शाळा रचनावादी’ अशी पाटी लागली.

रंगवलेली फरशी वाईट नव्हे. मुले त्यावर खेळत शिकतातही. पण कुमठ्यात फरशी शेवटी आली होती. आधी तिथल्या शिक्षकांनी कोणते मूल कुठे अडते ते शोधले होते. पाहुण्यांना फोटोत फरशी दिसली, अडलेले मूल दिसले नाही. ते फोटोत येतही नाही. एक मात्र मान्य करायला हवे. आपल्या शिक्षकाला दुसऱ्याचा वर्ग पाहायची संधी एरवी मिळतेच कुठे? शेजारच्या गावच्या गुरुजींचा गणिताचा तास अख्ख्या नोकरीत एकदाही न पाहिलेले शिक्षक ढिगाने सापडतील. त्या गाड्यांनी तेवढी कोंडी तरी फोडली. पाहून आल्यावर ‘आपल्याकडे यातले काय चालणार नाही?’ हा प्रश्न विचारायची सवय मात्र लावली नाही. वरून आदेश आल्यावर असा प्रश्न विचारणे म्हणजे नकारात्मक मानसिकता, असा शेरा ठरलेलाच.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड. बीडला खेटलेला हा पट्टा ऊसतोडीला जातो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात आणि कारखान्यांचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल तोडणीतून फेडायची. ज्यांच्या घरी आजी-आजोबा धडधाकट आहेत त्यांची मुले मागे राहतात, काही हंगामी वसतिगृहात जेवतात, बाकीची टोळीबरोबर जाऊन कोपीत राहतात. तिथे दहा वर्षांची पोर धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, वाढे गोळा करते.

असे एक मूल एप्रिलमध्ये पाचवीच्या वर्गात परत येऊन बसले आहे. बाकीचा वर्ग भागाकार, अपूर्णांक उरकून उजळणीला लागला आहे. कायद्याच्या भाषेत उत्तर सोपे आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचे आणि मागे पडलेले भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचे. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीला मूल नापास होऊ शकते, आणि राज्यात २०२३-२४ पासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा, मग पुनर्परीक्षा, आणि तीही हुकली तर पुन्हा तोच वर्ग, अशी व्यवस्था आली आहे. सहा महिने फडात असलेल्या मुलासमोर महिन्याभरात ही परीक्षा येऊन ठाकते. इथे शिक्षकाचे तत्त्वज्ञान कामाला लागते, किंवा ते नव्हतेच असे कळते.

‘मूल कोरी पाटी नसते’ असे मानणारा शिक्षक त्याला आधी विचारेल की सहा महिने तू काय काय केलेस, कुठे होतास. मग फळ्यावर गणित लिहील. समजा, उचल ७०,००० रुपये, तोडणी टनाला ३५० रुपये. किती टन तोडल्यावर उचल फिटेल? २०० टन. जोडीने दिवसाला २ टन तोडले तर? १०० दिवस. इथवर पाठ्यपुस्तकाला शोभेल असे झाले. पण ज्याने कोपीत सहा महिने काढले, ते पोरगे इथे थांबत नाही. आई आजारी पडली ते दिवस कुठे धरले? मुकादमाचे कमिशन कोणाच्या वाट्यातून? कारखान्यावर गाडी दोन दिवस नंबरात उभी राहिली, ते दिवस भरले का? वर्गातल्या हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांना हे प्रश्न सुचणार नाहीत.

आणि इथेच शिक्षकापुढे खरा पेच उभा राहतो, ज्यावर ‘विद्यार्थीकेंद्रित’ हा शब्द गप्प असतो. मुलाच्या अनुभवाचे कौतुक करून थांबायचे का? थांबले तर टाळ्या मिळतात, नवोपक्रम स्पर्धेत बक्षीसही मिळेल, पण लांबलचक भागाकार त्याला येणार नाही आणि उद्या मुकादमाची वही त्याला तपासता येणार नाही. उलट अनुभव बाजूला सारून नुसती भागाकाराची २० उदाहरणे घातली तर मूल मे उजाडायच्या आत वर्गातून मनाने निघून जाईल. कुठे किती वेळ द्यायचा, त्याच्यासाठी बाकीच्या वर्गाचे काय थांबवायचे, परीक्षेत येणारा कोणता घटक सरळ सोडून द्यायचा, याचा निर्णय त्या शिक्षकालाच करावा लागतो. तो का केला हे त्याला दोन ओळींत सांगता आले, की तेच त्याचे तत्त्वज्ञान. दुसरा शिक्षक वेगळा निर्णय घेईल आणि तोही बरोबर असू शकेल.

मतभेदाला जागा ठेवणाऱ्या विचाराचे आणखी एक उदाहरण जिल्ह्यातच आहे. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत शाळेला मान्यता मिळावी म्हणून अण्णा हजारे यांनी १९८० साली जिल्हा परिषदेपुढे उपोषण केले होते. देशाने पुढे पाहिलेल्या उपोषणांची सुरुवात शाळेपासून झाली, हे नव्या पिढीला ठाऊकही नसेल. तिथल्या संत निळोबाराय विद्यालयाचे वसतिगृह ओळखले गेले ते नापास झालेल्या, इतर शाळांनी नाकारलेल्या मुलांना घेण्यासाठी. नव्वद टक्क्यांवाल्यांच्या फलकांनी चौक झाकणाऱ्या जमान्यात ही उलटी गंगा होती. तिथली शिस्त, पहाटेची धाव, व्यायाम हे सगळ्यांना पटेल असे नाही. शिस्तीच्या जोरावर मूल उभे राहते की नुसते मुकाट होते, यावर वाद घालता येईल. पण तो वाद घालता येतो, कारण शाळेने एक बाजू घेतली आहे. कोणते मूल आत घ्यायचे या नियमातच तिचा विचार दिसतो.

यावर कोणी म्हणेल, शिक्षकाला बीएलओचे काम, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, रोज नवी लिंक. यातून तत्त्वज्ञान करायला फुरसत कोणाला? तक्रार रास्त आहे आणि ती दूर करणे हे शिक्षकाचे नव्हे, सरकारचे काम आहे. पण द्विशिक्षकी शाळेत जाऊन तासभर बसावे. एका खोलीत पहिली, दुसरी आणि तिसरी. गुरुजी दुसरीला वजाबाकी शिकवायला घेतात तेव्हा पहिलीला चित्र काढायला सांगतात आणि तिसरीला शुद्धलेखन. दिवसाकाठी कोणता वर्ग किती वेळ नुसता बसून राहील, हे तेच ठरवतात. रोज पहिलीच बसून राहत असेल, तर पाया कच्चा राहिला तरी चालेल असा त्यांचा विचार आहे, त्यांनी तो कधी मनात आणला नसला तरी. विचार न करणारा शिक्षकही कोणत्यातरी विचाराने वागतच असतो. बहुधा तो त्याच्या स्वतःच्या शिक्षकाकडून, बदडण्यासकट, आलेला असतो.

सध्या शिक्षकांच्या टेबलावर दुसरेच पुस्तक आहे. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. त्यामुळे २०-२५ वर्षे शिकवलेले गुरुजी मार्गदर्शिका घेऊन बसले आहेत. १५० गुणांपैकी ३० गुण बालमानसशास्त्राला. पियाजेच्या अवस्था किती, वायगॉट्स्कीने कोणती संकल्पना मांडली, चारपैकी योग्य पर्याय निवडा. पियाजेचे वाचन वाया जात नाही. पण पियाजे स्वतः आपल्याच मुलांकडे तासन् तास पाहत बसला आणि त्याच्या टिपणांतून त्या अवस्था निघाल्या, ही गोष्ट पर्यायात येत नाही.

मुलाकडे असे पाहत बसायची सवय शिक्षकांना लागावी यासाठी नवे अभियान नको, नवे पोर्टल तर मुळीच नको. केंद्राची मासिक शिक्षण परिषद आहेच. तिथे परिपत्रकांचे वाचन, माहिती भरण्याच्या सूचना आणि नाश्ता यांत दिवस जातो. त्यातला एक तास केंद्रप्रमुखांनी राखून ठेवावा. दोन शिक्षकांनी प्रत्येकी एका मुलाबद्दल एक पान वाचावे : मूल कुठे अडले, मी काय केले, काय फसले, त्यामुळे माझ्या कोणत्या समजुतीला धक्का बसला. बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत. या पानाला गुण नकोत, फोटो नकोत, ते पुरस्काराच्या प्रस्तावाला जोडायला बंदी हवी. लागलीच त्याचा नमुना काढून सक्ती करू नये, नाहीतर पुढच्या वर्षी सगळ्यांची अडलेली मुले एकाच ओळीत अडलेली असतील. टाचणवहीचे जे झाले तेच याचेही होईल.

एक काम तर याच हंगामात करता येईल. स्थलांतरित मुलांना शाळेतून शिक्षण हमी कार्ड मिळते. मूल जिथे जाईल तिथल्या शाळेने ते पाहून त्याला बसवून घ्यायचे असते. त्यावर नाव, इयत्ता, शाळा, पालक अशा रकान्यांची माहिती असते. दिवाळीआधी पाथर्डीच्या वर्गशिक्षिकेने त्याच्या मागे हाताने चार ओळी लिहाव्यात : हिला तोंडी हिशेब पक्का येतो, लिहिताना हातचा विसरते, मोठ्याने वाचायला लाजते, पण धाकट्या भावाला वाचून दाखवायला सांगितले तर वाचते. कोल्हापूर, सांगलीकडच्या कारखान्याजवळच्या शाळेतल्या बाईंना पहिल्या दिवसापासून कामाला येईल असे एवढेच असते. टोळी सीमेपलीकडे कर्नाटकात गेली तर तिथल्या शाळेत मराठी वाचणारे कोणी असेल का, ही अडचण आहे. त्यावर तोडगा काढायला जिल्ह्याच्या शिक्षण विभागाकडे दसऱ्यापर्यंतचा वेळ असतो.